अण्णांच्या दफ्तराचं कुलूप

संजीवनीचं माहेर भाटघरचं, सासर विंझरचं आणि नोकरी भोरात. या तिन्हीच्या बाहेर ती फार कुठं गेलेली नाही. पण गेल्या अकरा वर्षांत तिच्या हाताखालून दीडदोनशे गावांचे कागद गेले आहेत, आणि एखाद्या गावाचं नाव निघालं की त्या गावचा ओढा कोणत्या दिशेला वाहतो, जुनी शीव कुठल्या आंब्यापाशी वळते, हे ती न बघता सांगते. ती मोडी वाचते.

भोरला रघुवीररावांचं मोडी वाचनाचं छोटं कार्यालय आहे. जमीनमोजणीच्या खात्यातून ते निवृत्त झाले आणि घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडून बसले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. लोक पेटीच्या तळातून, कोनाड्यातून, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले कागद घेऊन येतात: वाटणीपत्रं, वंशावळी, शिवेच्या भांडणाचे निवाडे. अण्णा ते वाचून आजच्या अक्षरात उतरवून देतात. खोलीत दोन कपाटं, एक लांब बाक, आणि दारावर एक मोठं घड्याळ. ते घड्याळ दहा मिनिटं पुढं असतं. अण्णांच्या मनगटावरचंही पुढंच. भोरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. अण्णांनी अकराला बोलावलं तर माणूस अकराला दहा कमी असताना दारात उभा राहतो, त्यात कुणाला काही वाटत नाही.

संजीवनी इथं आली ती टायपिंग करायला. अण्णा वाचायचे, ती उतरवून घ्यायची. दुसऱ्या वर्षी एकदा अण्णा एका शब्दापाशी अडले. भिंग वरखाली करत बराच वेळ बसले. संजीवनीनं बोटं कळांवरच ठेवून हळूच म्हटलं, "‘बांधालगत’ असेल का, अण्णा?"

अण्णांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. तेच होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर मुळाक्षरांची वही ठेवलेली होती. "रोज दोन पानं गिरवायची," एवढंच म्हणाले.

वाचता येऊ लागल्यावर तिनं पहिली गोष्ट विचारली ती ही, की विंझरचं काही आहे का. अण्णांनी कपाट उघडून एका मोजणीच्या कागदाची नक्कल काढून दिली. त्यात शिवेवर हजर असलेल्यांची नावं होती, आणि त्यांतली चार तिच्या सासरच्या भावकीतली होती. तिनं ती घरी नेऊन सासूला, कमळाबाईंना, वाचून दाखवली.

कमळाबाई ऐकून म्हणाल्या, "तिसरं नाव माज्या आजेसासऱ्याचं. त्यो हुबा व्हता खरा. पर कागुद त्याला कुनी दावला नसंल."

संजीवनीनं ती नक्कल अजून ठेवली आहे.

दोन वर्षांपूर्वी कमळाबाईंना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवं अंग गेलं. जीभ वाचली. पूर्वीपेक्षा धारदारच झाली, असं लोक म्हणतात. संजीवनीचा नवरा आकाश शिवऱ्याला एका गोदामात आहे, तो सकाळी सहाला घर सोडतो. मुलगी सारिका शाळेत. म्हणजे दिवसभर म्हातारीपाशी संजीवनीच. विंझरहून नसरापूर, नसरापूरहून कापूरहोळ, तिथून भोर, असं रोज जाणंयेणं बंद झालं. नोकरी सोडते असं सांगायला ती अण्णांना फोन करणार होती, तेवढ्यात अण्णांच्या पुतण्यानं, अद्वयनं, एक मार्ग सुचवला.

अद्वय पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्यानं सांगितलं, की आजकाल कॉम्प्युटर भाड्यानं मिळतो, आणि तो आपल्या टेबलावर नसतो. एका मोठ्या कंपनीच्या मुंबईच्या इमारतीत असतो. त्याला ‘क्लाऊड’ म्हणतात, पण ढगात काही नसतं. आपण घरून आपल्या साध्या लॅपटॉपवर त्याचा पडदा उघडायचा आणि तिथं बसल्यासारखं काम करायचं. कागदांचे मोठमोठे फोटो तिथंच राहतात, आपल्याकडं फक्त त्यांचं दर्शन येतं. मध्येच विंझरची लाईन गेली तरी तिकडचं पान उघडंच राहतं. लाईन आली की जिथं बोट होतं तिथून पुढं.

अद्वयनं एका रविवारी ते लावून दिलं. सगळ्यांना मिळून एकच नाव, ‘ऑफिस’. पासवर्ड म्हणजे भोर आणि पुढं एक दोन तीन चार. अण्णांच्या पत्नी, कुंदाकाकू, कार्यालयाचा पत्रव्यवहार बघतात. त्यांनी तो पासवर्ड चिठ्ठीवर लिहून कालनिर्णयाच्या मागं खोचला. कार्यालयाची किल्लीसुद्धा तशीच शेजारच्या गिरणीतल्या खिळ्याला टांगलेली असते. गेनू गिरणीवाला ती मागेल त्याला देतो, आणि आजवर त्यात काही बिघडलेलं नाही.

असं दीड वर्ष चाललं. संजीवनी सकाळी म्हातारीचं आवरून दहाला बसायची. जेवायला उठायची, परत बसायची. पगार पूर्वीइतकाच होता आणि वाचन पूर्वीपेक्षा जास्त. अवघड अक्षर आलं की दोघं एकाच पानावर यायचे, तिकडून अण्णा, इकडून ती, आणि फोनवर वाद घालायचे.

एका मंगळवारी ते मशीन फार जड चालू लागलं. पान उलटायला मिनिट लागायचं. तिनं अद्वयला विचारलं. तो म्हणाला, "आत एक नोंदवही असते, कोण आलं कोण गेलं याची. बघा त्यात काही दिसतंय का." ती कुठं असते तेही त्यानं सांगितलं.

तिनं ती उघडली. दर सातआठ सेकंदाला कुणीतरी दार वाजवत होतं. एका दिवसात अकरा हजारांवर वेळा. कधी ‘ॲडमिन’ नावानं, कधी ‘यूजर’, कधी ‘टेस्ट’. पत्ते कुठले कुठले, तिनं नावही न ऐकलेल्या देशांतले. ती खाली खाली जात राहिली, आणि एके ठिकाणी थांबली. तिथं ‘ऑफिस’ होतं. त्यांचंच नाव. पासवर्ड चुकला होता, पण नाव बरोबर होतं.

मग तिनं दार उघडून आत आलेल्यांची यादी काढली आणि सुरुवातीपासून एकेक ओळ तपासली. मोडीचा कागद तपासतात तशी, बोट ठेवून. सगळ्या नोंदी भोरच्या आणि विंझरच्या. आत कुणी आलेलं नव्हतं. तिनं यादी दुसऱ्यांदा तपासली.

अद्वय म्हणाला, "माणसं नाहीत ती, वहिनी. मशिनीच असतात. जगातली सगळी दारं एका ओळीनं ढकलत जातात. भोर कुठं आहे हे त्यांना ठाऊकही नाही."

"पण दार उघडलं तर आत येतील ना?"

"उघडलं तर येतील," अद्वय म्हणाला. मग म्हणाला, "ते मी तेव्हा नीट करायला हवं होतं."

गुपचूप दुरुस्त करता आलं असतं. संजीवनीनं अण्णांना फोन केला आणि जे दिसलं ते सांगितलं, आकड्यासकट.

अण्णा लगेच म्हणाले, "बंद कर ते."

"अण्णा, आत कुणी आलेलं नाही. मी दोनदा बघितलं."

"आलं नाही हे नशीब. लोकांनी पेटीतनं काढून माझ्या हातात दिलेत ते कागद. जगाच्या ओट्यावर मांडायला नाही दिलेले. बंद कर. पूर्वीसारखं इथं येऊन बसायचं."

"मला येता येणार नाही, हे तुम्हाला माहितीय."

फोनवर मागं गिरणीचा आवाज येत होता.

"माहितीय," अण्णा म्हणाले.

"मला शनिवारपर्यंत वेळ द्या. मी त्याला कुलपं लावते. कागद तोवर आत ठेवत नाही."

"शनिवारी अकराला मी स्वतः उघडणार," अण्णा म्हणाले. "मला उघडलं आणि चोराला नाही उघडलं, तर चालू ठेवू. नाहीतर बंद. आणि मग तुझ्या जागी मला भोरातलं कुणीतरी बघावं लागेल. वाईट वाटून घेऊ नको."

"नाही," ती म्हणाली.

त्याच दुपारी तिनं सगळ्या कागदांची एक प्रत काढून कुंदाकाकूंकडून कार्यालयातल्या डिस्कवर उतरवून घेतली, आणि मशीनमधले कागद पुसले. मग वहीचं नवं पान काढलं. कामाला हात घालण्याआधी ती नेहमी वहीत लिहून घेते. अद्वय फोनवर सांगायचा, उरलेलं ती वाचून काढायची. वाचण्याची तिला सवय होती, अक्षरं फक्त वेगळी होती.

‘ऑफिस’ हे नाव तिनं काढून टाकलं. तिघांना तीन नावं दिली, प्रत्येकाला स्वतःचा लांबलचक पासवर्ड. पाच वेळा चुकलं की अर्धा तास दार गप्प, असा नियम घातला. मशीनची महिनोन्‌महिने राहिलेली दुरुस्ती उरकली. तिथला कागद कुणाच्या लॅपटॉपवर ओढून घेता येऊ नये, अशी सोय केली.

कमळाबाई खाटेवरून बघत होत्या.

"काय चाललंय दोन दिसांपासनं? वाचनं ऐकू येत न्हाई तुजं." संजीवनी वाचताना पुटपुटते, ते त्यांना ऐकायची सवय झाली होती.

"कुलपं लावतीय, आत्या."

"कशाला?"

"भोरच्या कागदांना."

"कागुद भोरात, आन कुलूप हितनं लावतीस?"

"कागद भोरात न्हाई ऱ्हायचे. मुंबईला एका मशिनीत ठेवायचेत."

कमळाबाईंनी हिशेब केला. "म्हंजी कागुद मुंबईला, मालक भोरात, राखनदार विंझरात. आन चोर?"

"त्यो कुठं हाय ते कुनालाच ठावं न्हाई."

"बरं हाय," कमळाबाई म्हणाल्या. "समद्यांचं घरी बसून चाललंय."

गुरुवारी तिनं मोठं काम काढलं. आतापर्यंत मशीनचं दार हमरस्त्यावर होतं, येणाराजाणारा कुणीही ते ढकलू शकत होता. ते रस्त्यावरचं दार बुजवायचं आणि मागून एक खासगी बोळ काढायचा. ज्यांची ओळख आधी दिली आहे त्यांनाच बोळात पाऊल टाकता येतं, बाहेरच्याला बोळ आहे हेसुद्धा दिसत नाही. तिनं दार बुजवलं. आणि पडदा काळा झाला. बोळात स्वतःची ओळख द्यायची राहिली होती.

ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"बाहीर ऱ्हायलीस व्हय?" कमळाबाईंनी विचारलं.

"व्हय."

"आमच्या भावकीतल्या बाळाबाईचं असंच. दाराला आतनं कडी घालायची आन खिडकीतनं बाहीर यायची, चोराला वाटावं घरात मानूस हाय. मग आत जाताना बोंब."

मशीन भाड्यानं देणाऱ्या कंपनीचा मालकासाठी एक वेगळा रस्ता असतो, अद्वयनं तो दाखवला. त्या रस्त्यानं आत शिरून सगळं परत लावेपर्यंत संध्याकाळचे चार वाजले. तिनं वहीत लिहिलं, ‘आधी आपली वाट, मग दाराला अडसर’. त्याखाली रेघ मारली. नोंदवही उघडली तर ती कोरी होती. अकरा हजारांतलं एकही आलेलं नव्हतं. ती ते कोरं पान थोडा वेळ बघत राहिली.

राहिलं होतं शेवटचं कुलूप. पासवर्ड कुणाच्या हाती लागला तरी दार उघडू नये, म्हणून आकड्याचं कुलूप. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये एक छोटं ॲप. त्यात सहा आकडे दिसतात आणि दर अर्ध्या मिनिटाला बदलतात. मशीनही आपल्या जागी तेच आकडे काढत असतं. दोन्ही जुळले की दार उघडतं. मोबाईल आणि मशीन एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांनी एकच गणित आपापल्या घरी सोडवायचं, एवढंच.

शुक्रवारी सकाळी कुंदाकाकूंनी फोनवर संजीवनीच्या सांगण्यानुसार स्वतःच्या मोबाईलमध्ये ते ॲप घातलं, मग अण्णांच्या. काकूंचं लगेच उघडलं. अण्णांना वेल्ह्याला एका घरी कागद बघायला जायचं होतं आणि एसटी गाठायची होती, त्यांनी मोबाईल ओढून घेतला आणि निघाले. तपासून बघायचं राहिलं.

शनिवारी अकराला दहा कमी असताना संजीवनी फोन हातात घेऊन बसली होती. दहा मिनिटांनी फोन वाजला.

"घेत नाही," अण्णा म्हणाले.

"परत एकदा घाला. आकडा बदलायच्या आत."

"चारदा घातला. काकूसमोर घातला. ‘कोड चुकीचा’ म्हणतंय." मागं काकूंचा आवाज आला, आकडे बरोबर टाकलेत गं, मी बघितलंय. अण्णांनी पाचव्यांदा घातला. दार अर्ध्या तासासाठी गप्प झालं.

"संजीवनी," अण्णा म्हणाले, "तुझ्या कुलपानं चोर बाहेर ठेवला असेल. मालकही बाहेर ठेवला." आवाजात राग नव्हता, त्यामुळं तिला जास्त लागलं. "राहू दे आता. तू पुष्कळ केलंस."

"मी येते," ती म्हणाली. "आज अजून शनिवार आहे."

शेजारच्या बनाबाईला तिनं हाक मारली. बनाबाई हातातली सुपली तशीच घेऊन आली. "जा बाई तू, म्या बसते. शेंगा काय, हितं फोडीन."

"आत्या, दुपारची गोळी—"

"जा," कमळाबाई म्हणाल्या. "म्या काय पळून जानार हाय?"

नसरापूरपर्यंत जीप मिळाली, पुढं दोन ठिकाणी थांबावं लागलं. वाटेत ती वहीतलं एकेक कलम मनात तपासत होती. काकूंचं उघडतं. माझं उघडतं. मशीन तेच, बोळ तोच, नियम तोच. मग अण्णांचंच का नाही? अण्णांचा पासवर्ड बरोबर आहे, नाहीतर आकड्यापर्यंत पोचलेच नसते. आकडे बरोबर टाकले, काकूंनी बघितलं. मग आकडेच चुकीचे आहेत. पण तेच ॲप, त्याच सकाळी, त्याच हातांनी घातलेलं. ती त्याच जागी फिरून फिरून येत होती.

भोरच्या स्टँडवर उतरली तेव्हा दोनला पाच कमी होते. कार्यालयात अण्णा लॅपटॉप उघडून बसले होते. कुंदाकाकूंनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"परत एकदा करून दाखवा, अण्णा," ती म्हणाली.

त्यांनी नाव घातलं, पासवर्ड घातला. मोबाईल पुढं धरला. तिनं स्वतः आकडे वाचले आणि स्वतः टाकले. ‘कोड चुकीचा.’

"बघितलंस?"

ती बघतच होती. सवयीनं तिची नजर दारावरच्या घड्याळाकडं गेली. सव्वादोन. तिनं सवयीनं दहा वजा केले: दोन वाजून पाच. अकरा वर्षं ती ही वजाबाकी करत आली होती, इतकी की वजाबाकी करतोय हेही आता कळत नव्हतं. सगळ्या भोरालाच कळत नव्हतं. तशीच तिची नजर खाली, अण्णांच्या मोबाईलवर आली. तिथंही सव्वादोन होते.

तिनं पर्समधून स्वतःचा मोबाईल काढून शेजारी ठेवला. दोन वाजून पाच.

"अण्णा, तुम्ही मोबाईलचंसुद्धा घड्याळ पुढं ठेवता?"

"सगळीच ठेवतो," अण्णा म्हणाले. "एक पुढं आणि एक मागं ठेवून काय उपयोग?"

"कुणी करून दिलं?"

"मीच. मोबाईल घेतला त्या दिवशी. का?"

तिनं वही उघडली आणि टेबलावर त्यांच्यासमोर सरकवली. "हे आकडे वेळेवरून निघतात, अण्णा. आत्ता किती वाजले त्यावरून. मशीन दोन वाजून पाचचं गणित करतंय आणि तुमचा मोबाईल सव्वादोनचं. तुमचा आकडा खोटा नाही. त्याची वेळ अजून यायचीय."

कुंदाकाकूंनी तांब्या खाली ठेवला आणि खुर्चीवर बसून हसायलाच लागल्या. "माझ्या मोबाईलला मी हात लावू दिला नाही म्हणून माझं उघडतंय तर!"

"तू हसू नको," अण्णा म्हणाले.

"का हसू नको? तुला ठाऊक आहे का संजीवनी, हे कशापायी सुरू झालं? हे तेव्हा वेल्ह्याला मोजणीवर. साखरपुडा इथं, आमच्या घरी. आणि ह्यांची एसटी चुकली. तीन मिनिटांनी. तेव्हा दुसरी गाडी थेट दुसऱ्या दिवशी. पाहुणे येऊन बसलेले, आता काय करायचं? ह्यांच्या काकांनी पाटावर ह्यांची टोपी ठेवली आणि साखरपुडा उरकला. मी टोपीशी ठरलेली बाई आहे."

"टोपी चांगली होती," अण्णा म्हणाले.

"टोपी चांगलीच होती. वेळेवर आली होती."

संजीवनीला हसू आलं, ते तिनं आवरलं. अण्णा हसत नव्हते. ते मोबाईल हातात धरून बसले होते. पंचेचाळीस वर्षांत त्यांची एकही एसटी चुकलेली नव्हती, आणि हे ते कुणालाही सांगत असत.

"मशीनचंच घड्याळ दहा मिनिटं पुढं करता नाही येणार?" त्यांनी विचारलं.

"येईल. मग काकूंना आणि मला उघडणार नाही."

"तुमचीही पुढं करा."

"अहो!" काकू म्हणाल्या.

अण्णांनी लॅपटॉपकडं बघितलं. मग म्हणाले, "आज किती जणांनी दार वाजवलं?"

संजीवनीनं स्वतःच्या नावानं आत जाऊन नोंदवही उघडली, लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. "गुरुवारपासून बाहेरचं एकही नाही. आज सहा वेळा चुकीचं आलंय, अण्णा. पाच तुम्ही. आणि सहावं आत्ताचं, तुमच्याच नावानं, माझ्या हातचं."

अण्णांनी चष्मा वर करून त्या सहा ओळी वाचल्या. तारीख, वेळ, नाव. कागदावर साक्षीदारांची नावं वाचतात तशा वाचल्या. त्या पानावर दुसरं काही नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला, आणि मोबाईल तिच्यापुढं ठेवला.

"कर काय करायचं ते," म्हणाले. "भिंतीवरच्याला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

तिनं सेटिंगमध्ये जाऊन एक कळ सरकवली. मोबाईलवरचे दोन वाजून वीस झालेले होते, त्यांचे दोन वाजून दहा झाले. तिनं मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि खुर्ची मागं घेतली, म्हणजे टाकायचं ते त्यांनीच टाकावं. अण्णांनी सहा आकडे एका बोटानं टाकले. दार उघडलं.

आत कागद अजून ठेवायचे होते. फक्त एक वाटणीपत्र तिनं सकाळी तपासणीसाठी परत चढवलं होतं, शेजारी तिनं उतरवलेल्या ओळी होत्या. अण्णांनी भिंग घेतलं नाही, पडद्यावर अक्षर मोठं करता येतं. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"तिसऱ्या ओळीत ‘पूर्वेस’ राहिलंय," म्हणाले.

"घालते."

"इथं नको घालू. जीप जाईल तुझी. सोमवारी घाल, घरून."

ती उठली. काकूंनी तिच्या पिशवीत म्हातारीसाठी मऊ खोबऱ्याच्या वड्या ठेवल्या. जाता जाता काकूंनी कालनिर्णय उचलून मागची जुनी चिठ्ठी काढली, संजीवनीला दाखवून फाडली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. गिरणीतली किल्ली मात्र अजून त्याच खिळ्याला आहे. तो विषय कुणी काढला नाही.

आता संजीवनीचा दिवस नोंदवहीनं सुरू होतो. दहाला बसली की आधी ते पान उघडायचं, कोण आलं ते बघायचं, मग कागद. पानावर तीनच नावं असतात.

महिन्याभरानं एका गुरुवारी अण्णांना पुण्याला जुन्या दफ्तरातल्या नकला आणायला जायचं होतं. नऊच्या एसटीनं. आदल्या दिवशी त्यांनी तीनदा सांगितलं होतं, की उद्या मी नाही, काही अडलं तर मागं ठेव. संजीवनीनं दहाला पान उघडलं. सगळ्यात वर एक नोंद होती. नऊ वाजून वीस मिनिटं, भोर, रघुवीर.

तिला आधी भीतीच वाटली. नऊ वीसला अण्णा एसटीत, कापूरहोळच्या आसपास असायला हवे होते. मग त्यांच्या नावानं कोण? तिनं ओळ नीट तपासली. बोळ बरोबर, पत्ता कार्यालयाचा, आणि आकडा पहिल्याच वेळी जुळलेला. म्हणजे मोबाईल अण्णांच्याच हातात.

मग तिच्या लक्षात आलं. सकाळी अण्णांनी मोबाईल बघितला असणार, त्यावर नऊला दहा कमी होते. पंचेचाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी त्यातून दहा वजा केले असणार. पुष्कळ वेळ आहे म्हणून विडा जमवला असेल, चालत निघाले असतील. एसटी काही थांबली नसणार, आणि अण्णा परत येऊन टेबलाशी बसले असणार.

ती फोनकडं बघत राहिली, पण उचलला नाही. काकूंना आता पुष्कळ बोलायचं असेल, तेवढं अण्णांना पुरे होतं.

"काय गं, गप का झालीस?" कमळाबाईंनी खाटेवरून विचारलं. "चोर आला व्हता का?"

"न्हाई, आत्या," संजीवनी म्हणाली. "मालकच आलेत. लवकर."

तिनं कालचं पान उघडलं आणि पुटपुटत वाचायला सुरुवात केली.